शंका विचारायची, घ्यायची नाही

शेवगाव
३ जानेवारी २०२५

प्रिय दीना,

सप्रेम सलाम. पत्र बघून दचकू नकोस, घरात कुणी गेलेलं नाही. तू मला मोबाईलवर ब्लॉक करून ठेवलंयस, म्हणून पोस्टाची पायरी चढावी लागली. काउंटरवरच्या बाईंनी पाकिटावरचा पत्ता वाचला आणि विचारलं, "कच्छ म्हंजे परदेशात का सर?" मी म्हटलं, जवळजवळ.

चार वर्षांपूर्वीच्या त्या नाताळबद्दल मी काही लिहिणार नव्हतो, पण लिहितो. माझ्या लेखात प्रवरेकाठच्या जुन्या हाडांचं वय चुकलं होतं, हे मान्य. लाखाच्या जागी कोटी पडलं. पण ते सगळ्या पाहुण्यांसमोर, करंज्यांचं ताट हातात धरून सांगायची गरज होती का? "दादा, अरे लाख!" म्हणालीस आणि आपल्या मावसबहिणीची, शॅरनची पोरंसुद्धा हसली. सायन्सच्या मास्तरला भूगर्भशास्त्रज्ञ बहीण असणं म्हणजे घरातच इन्स्पेक्शन. त्यानंतर मी जे लांबलचक मेसेज पाठवले, त्यातले काही शब्द मला आज आठवायचे नाहीत. तुला आठवत असतील.

असो. काम आहे. इथल्या वाचनालयाने पंचवीस तारखेला जाहीर वादसभा ठेवली आहे. 'उत्क्रांती: सत्य की कल्पना?' सत्याच्या बाजूने मी. कल्पनेच्या बाजूने आबासाहेब, साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट. माणूस सज्जन, आम्ही संध्याकाळी एकत्र फिरायला जातो, पण हट्टी. त्यांचं एकच पालुपद: "सर, मधली जनावरं दाखवा. अर्धा मासा, अर्धा बेडूक. एक तरी दुवा दाखवा, मी हार पत्करतो."

तू तिकडे पाय असलेल्या देवमाशांची हाडं उकरतेस. माझ्याकडे शाळेच्या कपाटात एक दगड आहे. विहिरीच्या खोदकामातून मीच उचलून आणला होता. त्यावर नेच्याचं पान स्वच्छ उमटलंय, आणि पानाच्या कडेला बारीक ठिपके आहेत. ते बिया असतील तर हा नेचा आणि बियांची झाडं यांच्यातला दुवा ठरतो की नाही? तोही शेवगाव तालुक्यातला! फोटो सोबत जोडलाय. फोटोसाठी दगड पुसून दिला तो ज्ञानेश्वरीने. नववीतली माझी सगळ्यात त्रास देणारी विद्यार्थिनी. तास संपल्यावर मी "शंका विचारा" म्हटलं की बाकीचा वर्ग दप्तर आवरतो आणि हिचा हात वर जातो. तुझी आठवण येते.

सभेच्या आधी दोन ओळी पाठव.

तुझा दादा,
शलमोन


शेवगाव
१९ जानेवारी

प्रिय दीना,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळी मागितल्या होत्या, तू खरंच दोनच पाठवल्यास. "दादा, हे जीवाश्म नाही. खडकाच्या भेगेत झिरपलेल्या पाण्यातलं मँगनीज असं फांद्याफांद्यांनी पसरतं. सभेत दाखवू नकोस." ना सलाम, ना कशी आहे तब्येत.

फोटोवरून कसं सांगतेस गं? हातात घेतलास? भिंग लावलंस? लाव्हाच्या दोन थरांच्या मधे जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो आणि त्या गाळात झाडांचे अवशेष मिळतात, हे मलाही ठाऊक आहे. मी काही अगदीच गावठी मास्तर नाही. हा दगड अशा गाळातला नसेल कशावरून?

आज दगड पुन्हा काढून बघितला. मागच्या बाजूला बारीक भोकं आहेत. ती मी याआधी पाहिली नव्हती असं नाही.

तू विचारलंस (पाठीमागे पेन्सिलने लिहिलेलं मी वाचलं) की पुरावा आपल्याच गावचा हवा हा हट्ट कशासाठी. सांगतो. लोकांना लांबचं पटत नाही. उत्तर ध्रुवाजवळ सापडलेल्या पायवाल्या माशाचं चित्र मी वर्गात दाखवतो तेव्हा पोरं परीक्षेत येईल का एवढंच विचारतात. आणि चर्चमध्ये गेलो तर आपले पाळकसाहेब हसून म्हणतात, "काय शलमोन मास्तर, अजून माकडाचेच वंशज का?" एकदा, फक्त एकदा, खिशातून काढून टेबलावर ठेवावं आणि सगळ्यांनी गप्प व्हावं, असं वाटतं. यात गैर काय?

पण ठीक आहे. नाही दाखवत. शब्द दिला.

शलमोन


शेवगाव
२७ जानेवारी

प्रिय दीना,

सलाम. सभा जिंकलो! वाचनालयाचं पटांगण भरलं होतं, लोक मागे कंपाउंडवर बसले होते. आबासाहेब छान बोलले, पण त्यांचं सगळं जुनंच. "थिअरी म्हंजे अंदाज, सर. अंदाजावर आपण जावई पन करत न्हाई." लोक हसले. मग मी सांगितलं की विज्ञानातली थिअरी म्हणजे मनाला आलेला अंदाज नव्हे. शास्त्रज्ञांनी आधी सांगितलं की इतक्या वयाच्या खडकात पायवाला मासा मिळायला हवा, मग ते तिथे गेले, वर्षानुवर्षं थंडीत दगड फोडत बसले आणि तो मिळाला. चूक ठरायची तयारी ठेवून केलेलं भाकीत आणि अंदाज यात फरक आहे. हे वाक्य तुला आवडलं असतं.

शेवटी आबासाहेबांनी स्वतः माझ्या गळ्यात हार घातला. पुढच्या महिन्यात विज्ञान दिनाला वाचनालय माझा सत्कार करणार आहे. दगडाचा उल्लेख बोलण्याच्या ओघात आला, फार नाही. मधेच एका मुलीने काहीतरी विचारलं, थोडा हलकाफुलका विनोद झाला, सभेत असं चालतंच.

तू खूश होशील असं वाटलं म्हणून लगेच लिहिलं.

शलमोन


शेवगाव
१० फेब्रुवारी

दीना,

म्हणजे शॅरनने तुला व्हिडिओ पाठवला. पाठवणारच. आपल्या घराण्यात बातमी पोचवायला पोस्टाची गरज कधी पडलीच नाही.

तू पाठवलेल्या कार्डावर एवढंच आहे: "ती मुलगी कोण?" माझ्याबद्दल एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

ती ज्ञानेश्वरी.

तू व्हिडिओत शेवटचा तुकडा पाहिलास. आधीचं मी सांगतो. पायवाल्या माशाचं बोलून झालं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "लांबचं कोन बघाय गेलंय सर? हितलं काय दावा!" दगड माझ्या पिशवीत होता. दाखवायचा नव्हता तर पिशवीत का होता, हे विचारू नकोस. मी तो काढला, डोक्यावर धरला आणि म्हणालो, "हा घ्या दुवा! तुमच्या पायाखालचा!" काय टाळ्या पडल्या. आबासाहेब चष्मा पुसून बघत राहिले. दगड पहिल्या रांगेतून फिरवला. तिथे शाळेची मुलं बसली होती, कारण त्यांना मीच आणलं होतं.

ज्ञानेश्वरी उभी राहिली. माईक तिच्या हातात कुणी दिला कोण जाणे. म्हणाली, "सर, शंका हाय. ह्या दगडाला मागनं भोकं हायती. तुमी शिकवलं हुतं, लाव्हा थंड व्हताना त्यातली हवा निघून जाती, तवा आशी भोकं पडत्यात. मंग हा लाव्हाचाच दगड झाला. तर ह्ये पान जळालं कसं न्हाई?"

तिने मीच शिकवलेलं मला विचारलं. सभेत एवढा नेमका प्रश्न त्या दिवशी दुसऱ्या कुणी विचारला नाही, आबासाहेबांनीही नाही. मला उत्तर माहीत होतं. तुझं पत्र आतल्या खिशात होतं. आणि मी काय म्हणालो ते तू ऐकलंयस.

"बाळ, शंका विचारायला सांगितली होती, घ्यायला नाही!"

पटांगण खदखदा हसलं. ती उभीच होती. तिला वाटलं असावं की हसणं थांबलं की उत्तर येईल. मग मी वर आणखी म्हणालो, "आबासाहेब, ही तुमच्या पार्टीची दिसते." पुन्हा हशा. तेव्हा ती बसली.

कुणीतरी तेवढाच तुकडा कापून खाली लिहिलं, 'सरांनी जिरवली'. तो गावोगाव फिरला. आता पोरं तिला नावाने हाक मारत नाहीत. बसस्टँडवर "शंका आली, शंका आली" म्हणतात. आमच्या वर्गातला हर्षल तिला विचारतो, "शंका, डब्यात काय आणलंस?" मी ऐकलं आणि त्याला ओरडलोही नाही, कारण ओरडायचं म्हणजे ते नाव कुठून आलं ते बोलावं लागलं असतं. आता ती शाळेत येत नाही. तिचा बाप कानिफनाथ टेम्पो चालवतो, त्याला गिऱ्हाइकं तो व्हिडिओ दाखवतात. त्याने ठरवलंय, शाळा बास, दहावीला तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचं. सतरा नंबरने बसलेल्या किती मुली पुढे सायन्सला जातात, हे तुला मी सांगायला नको.

पण काळजी करू नकोस. मी रविवारी चर्चमधून परस्पर त्यांच्या वस्तीवर जाऊन आलो. घरच्यांशी बोललो. मिटलं सगळं.

शलमोन


शेवगाव
१६ फेब्रुवारी

दीना,

मिटलेलं नाही. ते मी खोटं लिहिलं. तुझ्या पत्राची वाट पाहत होतो, ते आलं नाही, आणि या वेळी मला ते बरं वाटलं. म्हणून आता लिहितो.

वस्तीवर गेलो तेव्हा मनात सगळं तयार होतं. 'माझं चुकलं, मुलगी बरोबर होती, तिला शाळेत पाठवा.' तीन वाक्यं. रस्ताभर मोटरसायकलवर मोठ्याने म्हणत गेलो. दारात तिची आजी छबूबाई ज्वारी निवडत होती. मला बघून म्हातारी घाबरून उठली, सुपातली ज्वारी सांडली.

"सर, तुमी कशाला येवडं लांब आलात? आमीच येनार हुतो माफी मागाया."

मी म्हटलं, "आजी, तसं नाही..."

"न्हाई न्हाई. चार मान्सात मास्तरला उलटं बोलली पोरगी. लई लाज आनली बघा. आमच्या घरात आसं कुनी केलं न्हवतं." मग आत तोंड करून ओरडली, "ये भाईर! सरांच्या पाया पड!"

ती आली. हात पिठाचे होते. माझ्याकडे बघितलं नाही. मी अजून बोलू शकत होतो. चहा अजून आला नव्हता, कानिफनाथ मागे टेम्पो धूत होता, अडवायला कुणी नव्हतं. ती वाकली, माझ्या बुटांना तिचे पिठाचे हात लागले, आणि ती म्हणाली, "चुकलं सर. परत शंका घेनार न्हाई."

आणि मी म्हणालो, "असू दे बाळ."

दीना, मी म्हणालो, असू दे! जणू मी तिला क्षमा केली. आपल्या बाबांनी चर्चच्या व्यासपीठावरून क्षमेवर किती उपदेश केले, आपण दोघं बाकावर पाय हलवत ऐकत होतो. त्यात असा प्रकार कुठे नव्हता, की ज्याने चूक केली तोच क्षमा वाटत सुटतो. मग चहा आला. मी चहा प्यायलो. शाळेबद्दल विचारलं तर कानिफनाथ म्हणाला, "सर, तुमचा राग गेला ह्येच लई झालं. पन शाळा नको. पोरगी जास्त इचार करती." मी मान हलवली. निघताना छबूबाईने पिशवीत हरभरा घातला. तो सोलून आम्ही आमटी केली. माझ्या घशाखाली उतरली, हेही लिहितो.

आयुष्यभर आपण एकाच गोष्टीचा अभिमान बाळगला, की आपण विज्ञानवाले, आपण पुरावा मानतो, आपल्याला कुणीही चूक दाखवावी. तू दाखवलीस तर मी चार वर्षं बोललो नाही. एका नववीतल्या मुलीने दाखवली तर तिला पाया पडायला लावलं. आबासाहेब उत्क्रांती मानत नाहीत, पण त्यांनी आजवर कुणाला प्रश्न विचारला म्हणून गप्प बसवलेलं मी पाहिलं नाही. मला माझी शरम वाटते. हे वाक्य दोनदा खोडलं होतं, आता राहू देतो.

अठ्ठावीस तारखेला सत्कार आहे. त्या घरच्यांना मी बोलावणार आहे. तिथे बोलतो.

दादा


शेवगाव
१ मार्च

प्रिय दीना,

बोललो. जसं झालं तसं लिहितो, माझ्या बाजूने सजवून नाही.

छबूबाई नातीला घेऊन आली होती, कानिफनाथही होता. पोरीला नवा ड्रेस घातलेला. त्यांची समजूत अशी की सत्कारात पुन्हा एकदा सगळ्यांसमोर माफी मागायला बोलावलंय. हे मला नंतर कळलं. ते त्यासाठीही तयार होऊन आले होते.

शाल-नारळ झालं. मी माईक घेतला. दगड वर धरून सांगितलं की हे नेच्याचं पान नाही, याला जीवाश्म म्हणता येत नाही, ही मँगनीजची नक्षी आहे. सभेत ज्ञानेश्वरीने विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता आणि मी तिची चेष्टा केली. मी म्हणालो, "नंतर माझ्या लक्षात आलं, की माझी चूक झाली."

मागे कुजबुज सुरू झाली. एक जण मोबाईल धरून शूटिंग करत होता तो पुढे सरकला. आबासाहेब उठले. मला वाटलं, आता हे वसूल करणार. ते हळूच म्हणाले, "सर, मग माझं म्हणणं खरं झालं का?" त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच विचारायचं होतं. मी म्हणालो, "नाही आबासाहेब. तुमचं खरं ठरलं नाही, माझा एक पुरावा खोटा निघाला. बाकीचे पुरावे होते तिथेच आहेत. पण ते सांगायला आता तुम्ही दुसरा माणूस बघा." ते खाली बसले. आज सकाळपासून तो नवा तुकडाही फिरतोय, 'विज्ञानवाल्यांची कबुली: जीवाश्म खोटं'. म्हणजे मी विज्ञानाचंही भलं केलं नाही.

मला वाटलं संपलं. लोक उठायला लागले. तेवढ्यात ज्ञानेश्वरी जागेवर उभी राहिली. आजीने तिचा हात खाली ओढला, तिने तो सोडवून घेतला. माईक नव्हता, पण तिचा आवाज स्पष्ट आला.

"सर, मी आमच्या घरी तुमच्या पाया पडले, तवा तुमाला म्हाईत हुतं?"

दीना, मी 'नंतर लक्षात आलं' असं म्हणालो होतो. माफी मागतानाही तेवढी एक फट मी माझ्यासाठी ठेवली होती. बाहेर पडायला. कुणालाच ती दिसली नव्हती. तिला दिसली.

मी म्हणालो, "हो. माहीत होतं."

"आन सभेत?"

"सभेतही. त्याच्या आधीपासून. माझ्या बहिणीने पत्राने कळवलं होतं."

ती रडली नाही, रागावलेलीही दिसली नाही. म्हणाली, "बरं." आणि चपला शोधायला लागली. छबूबाईने या वेळी मला हात जोडले नाहीत. तिने नातीच्या पाठीवर हात ठेवला आणि ती तिघं चहा न घेता निघून गेली. कानिफनाथने फाटकापाशी मागे वळून एकदा बघितलं. त्याच्या मनात शाळेचं काय आहे, मला सांगता येत नाही. आज शनिवारची सकाळची शाळा होती. तिची जागा रिकामी होती.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे, आणि हे माझ्यासाठी नाही. दगडात पानासारखी नक्षी का उमटते, पाणी अशाच फांद्या का काढतं, गोल का पसरत नाही, हे तिला अजून कुणीही नीट सांगितलेलं नाही. मी सांगू शकतो. पण मी सांगितलेलं तिने आता कशाला खरं मानावं? तू लिही. तुझ्या देवमाशांच्या पायांबद्दल लिही, तिथे तुमचं काय काय चुकलं तेही लिही. पोस्टमन त्यांच्या वस्तीवर जातो, मी चौकशी केली. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर दिलाय.

पाकिटावर तिचं पूर्ण नाव घाल, बापाच्या नावासकट, म्हणजे घरच्यांनाही कळेल की पत्र तिलाच आलंय. ती उलट काही विचारेल. विचारेलच. तिला उत्तर दे, माझ्या पत्रांना नाही दिलंस तरी चालेल. आणि कृपा करून माझी बहीण आहेस हे तिला आधीच सांग, लपवू नकोस.

दादा